दार उचलून किल्ली फिरवायची: जुन्या दाराला नवीन कुलूप बसवतानाचं एक प्रकरण

मावशीच्या घराचं पुढचं दार उघडायची एक पद्धत होती, घरातल्या सगळ्यांना माहीत होती आणि बाहेरच्या माणसाला कधीच जमायची नाही. डाव्या हाताने मूठ धरून दार जरासं वर उचलायचं, गुडघ्याने आत ढकलायचं आणि तेवढ्यात उजव्या हाताने किल्ली फिरवायची. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं आणि आम्ही सगळे त्याला "कुलूप जुनं झालंय" असं म्हणायचो. मी पण म्हणायचो. ते चूक होतं हे मला कळलं तेव्हा नवीन कुलूप आणून, दार कोरून, चौकटीला खाच पाडून सगळं झालेलं होतं.

कुलूप बदलायचं ठरलं त्याचं कारण मात्र वेगळं होतं. तीन किल्ल्यांपैकी दोन कुठे गेल्या ते कुणालाच सांगता येईना. एक कदाचित हरवली असेल, दुसरी कधीतरी कुणाकडे तरी दिली होती आणि परत मागायची राहिली. मावशी बऱ्याचदा एकटी असते, त्यामुळे आपल्या दाराची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते माहीत नसणं हे काही बरं नव्हे. तेव्हा बदलणं गरजेचंच होतं, पैसे वाया गेले असं काही झालं नाही. फक्त मी एका दुखण्याचं औषध दुसऱ्याच दुखण्याला देत होतो.

दार कसं होतं ते आधी सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भरीव लाकडाचं, दोन बाजूंना उभ्या पट्ट्या, मध्ये आडव्या, आणि त्यांच्यात बसवलेली पातळ पॅनल्स. जाडी ३८ मिमी, पण ती फक्त पट्ट्यांची, पॅनल्स तर त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. कुलपाच्या बाजूची उभी पट्टी ९५ मिमी रुंद. तीन बिजागऱ्या, आतून वरच्या बाजूला एक कडी, आणि रंगाचे थर इतके की कुलपाच्या पुढच्या पट्टीचे स्क्रू कुठे आहेत ते बोटाने चाचपून शोधावं लागलं.

स्क्रू काढणं हाच पहिला कार्यक्रम. रंगाने खाचा भरून गेलेल्या, त्यामुळे आधी कटरच्या टोकाने त्या साफ केल्या, आणि पट्टीच्या चारी बाजूंनी कटर फिरवून रंग कापून घेतला. हे केलं नाही तर पट्टी उचकटताना तिच्याबरोबर रंगाचा लांबच्या लांब पापुद्रा निघतो आणि मग कुलूप राहतं बाजूला, तुम्ही दार रंगवत बसता. गंजलेला स्क्रू सोडवताना आधी तो किंचित घट्ट करायचा आणि मग सोडवायचा, गंजाची पकड त्याने मोडते, ही युक्ती मला माहीत होती. तरी एकाचं डोकं झिजलंच. आणि हो, जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं खरवडू नका. मी ओलं फडकं फिरवून, मास्क लावून, खाली वर्तमानपत्र पसरून काम केलं, मावशी म्हणाली "अरे कुलूप बदलतोयस की ऑपरेशन करतोयस".

जुनं कुलूप बाहेर आलं आणि मला ते उघडून बघायचा मोह आवरला नाही. बाजूचं झाकण काढल्यावर आत तीन पितळी पानं एकावर एक, प्रत्येकाला आपली छोटी स्प्रिंग. हे लिव्हरचं कुलूप. यातली गंमत अशी की प्रत्येक पान किल्लीने नेमकं तेवढंच उचललं गेलं पाहिजे, कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही, मगच बोल्टला, म्हणजे चौकटीत शिरणाऱ्या लोखंडी दांडीला, वाट मिळते. ही 'जास्तही नाही' वाली अट इंग्लंडमधल्या रॉबर्ट बॅरन याने १७७८ मध्ये पेटंट केली, त्याच्या आधीच्या कुलपांत आतला अडथळा पुरेसा वर ढकलला की काम झालं. तर मी टेबलावर ते उघडं कुलूप ठेवून किल्ली घालून फिरवली. लोण्यासारखी फिरली. परत फिरवली, तशीच. पानं थोडी घासलेली होती, पण स्प्रिंगा शाबूत, बोल्ट सरळ जातोय सरळ येतोय.

इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. जे कुलूप दारात अडतं आणि टेबलावर अडत नाही, त्याचा दोष कुलपात कसा असेल. पण मी काय विचार केला माहितीये, की बघा, साफ केल्यावर कसं छान चालतंय. साफ मी काहीच केलं नव्हतं, फक्त झाकण उघडलं होतं.

खरं तर ही परीक्षा कुलूप न काढताच करता येते आणि फुकट आहे. दार सताड उघडं ठेवायचं आणि किल्ली फिरवायची. उघड्या दारात सहज फिरली आणि बंद दारात अडली तर बोल्ट आणि चौकटीतलं भोक एकमेकांसमोर नाहीत, म्हणजे दार सरकलंय किंवा चौकट हललीय. उघड्या दारातही अडली तर मग खुशाल कुलपाला शिव्या घाला. दहा सेकंदांचं काम, आणि मी ते तीन दिवस उशिरा केलं.

आता खरेदी. मी जुन्या कुलपाची उंची मोजली, जाडी मोजली, दाराचा फोटो काढला आणि सगळ्यात महत्त्वाचं माप घ्यायचं विसरलो, ते म्हणजे दाराच्या कडेपासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. याला बॅकसेट म्हणतात. जुन्याचा बॅकसेट ५७ मिमी होता, मी आणलेल्या नव्याचा ६०. तीन मिलिमीटरचाच फरक, चालून जाईल असं वाटलं. पण बॅकसेट म्हणजे नुसतं भोक कुठे येतं एवढंच नाही, त्याच्या मागे कुलपाची पेटी अजून किती आत जाते तेही त्यातच आलं. नव्या कुलपाची पेटी ८७ मिमी खोल होती. उभी पट्टी ९५. म्हणजे ८ मिमी लाकूड उरतंय की, असं म्हणून मी पेन्सिल उचलली सुद्धा. मग सहज पॅनलच्या बाजूने पट्टीची कड बघितली तेव्हा लक्षात आलं की पॅनल ज्या खाचेत बसलंय ती खाचच साधारण १२ मिमी आत आहे. म्हणजे भरीव लाकूड खरं ८३ मिमीच. ते कुलूप बसवलं असतं तर पेटी थेट पॅनलच्या खाचेत निघाली असती आणि दाराची सगळ्यात महत्त्वाची पट्टी त्या जागी दोन पातळ फळ्यांची झाली असती, एका लाथेत उभी चिरणारी.

कुलूप अजून वापरलेलं नव्हतं म्हणून बदलून मिळालं. दुसरं आणलं ते ४५ मिमी बॅकसेटचं, पेटी ७० मिमी खोल. जुन्या खाचेची खोली त्याला पुरून उरत होती, फक्त उंची वाढवायची होती कारण नव्या पेटीत हँडलचा लॅच (दार लोटलं की आपोआप अडकणारी तिरकी जीभ) आणि खालचा बोल्ट दोन्ही असतात, ती १६५ मिमी उंच. खाच वरच्या दिशेने वाढवायची की खालच्या, हा पण एक प्रश्नच. खाली आडवी पट्टी होती आणि तिचं कुसू उभ्या पट्टीत शिरलेलं असतं, तोच दाराचा सांधा. तिथे खाच पाडणं म्हणजे दार खिळखिळं करायची सोय. म्हणून वर वाढवली. एक चांगलं झालं, हँडल जरा उंच आलं आणि मावशीला ते सोयीचं पडलं.

जुनं किल्लीचं भोक ५७ वर, नवीन सिलिंडरचं (नव्या कुलपात किल्ली ज्यात जाते तो वेगळा निघणारा भाग) ४५ वर, म्हणजे दोन्ही भोकं एकमेकांना जवळजवळ चिकटून. अशा वेळी नवीन भोक थेट पाडायला गेलं की ड्रिलचं पातं जुन्या भोकात घसरतं आणि तिथे एक लांबट भगदाड होतं. आधी जुनं भोक बुजवलं. लाकडाचा तुकडा त्या आकाराचा तासून, गोंद लावून, दोन्ही बाजूंनी ठोकून बसवला आणि रात्रभर तसाच सोडला. त्या रात्री दाराला कुलूप नव्हतंच, आतली वरची कडी लावली आणि मावशीने खात्री म्हणून आतून दाराला एक खुर्ची टेकवली, खुर्चीवर स्टीलचं पातेलं. कुणी ढकललं तर आवाज होईल म्हणे. पहाटे ते पातेलं मीच पाडलं. असं काम सकाळी सुरू करा आणि दाराला दुसरी कडी आहे का ते आधी बघून ठेवा, नाहीतर झोप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी खाच. पेटी १५ मिमी जाड, दार ३८, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेअकरा-साडेअकरा मिमी लाकूड उरणार. याच्यापेक्षा कमी मला चाललं नसतं. कडेच्या मध्यावर एक सरळ रेघ मारली आणि त्या रेघेवर १६ मिमीच्या पात्याने एकाखाली एक भोकं पाडत गेलो, खोली कळावी म्हणून पात्याला टेप गुंडाळलेली. मग मधलं उरलेलं लाकूड पटाशीने काढायचं. पटाशीला धार हवी, ही गोष्ट सगळे सांगतात आणि कुणी ऐकत नाही, बोथट पटाशी लाकूड कापत नाही, फाडते, आणि ती घसरली की हातात शिरते. ड्रिल आडवं धरून ते अगदी सरळ जाणं मला तरी जमत नाही. मावशीला बाजूला उभं केलं आणि ती "वर, वर, अरे वर" करत राहिली. एका माणसाने बाजूने बघत राहणं हे कुठल्याही गाइडपेक्षा भारी आहे.

खाच झाली, पेटी आत गेली, न ठोकता, हाताने. आता सिलिंडरचं आणि हँडलचं भोक. इथे माझी दुसरी चूक. दाराची जी कड चौकटीत शिरते ती बऱ्याच चांगल्या जुन्या दारांत काटकोनात नसते, किंचित तिरकी तासलेली असते, साधारण तीन अंश, म्हणजे बंद होताना मागची कोर चौकटीला घासत नाही. ३८ मिमी जाडीला तीन अंश म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या कडेत २ मिमीचा फरक. मी काय केलं, आतून कडेपासून ४५ मोजले, खूण केली, बाहेरून पण कडेपासून ४५ मोजले, खूण केली. दोन्ही मापं बरोबर आणि दोन्ही भोकं एकमेकांसमोर नाहीत. सिलिंडर एका बाजूने गेलं आणि मध्येच अडकलं. गोल कानस घेऊन पाऊण तास घासत बसलो. हँडलच्या पट्टीखाली ते झाकलं गेलं म्हणून नशीब. बरोबर पद्धत म्हणजे पेटी खाचेच्या जागी दाराला बाहेरच्या अंगाने चिकटवून धरायची, तिच्या भोकातून टोकदार खिळ्याने खूण करायची, आणि गुण्या लावून तीच रेघ कडेवरून दुसऱ्या बाजूला न्यायची. मोजायचं एकदाच, दोनदा नाही. आणि भोक दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडायचं, एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडे हमखास ढलपी उडते. भोकं पाडताना पेटी मात्र बाहेर काढून ठेवा, नाहीतर पातं थेट लोखंडाला भिडतं.

हँडलच्या चौकोनी दांड्यापासून सिलिंडरच्या मध्यापर्यंत ८५ मिमी, हे माप पेटीचं आणि हँडलच्या पट्टीचं एकच असावं लागतं, ते जुळत होतं. लॅचचं तिरकं तोंड उलट्या बाजूला होतं, ते ओढून फिरवून घेतलं, दोन मिनिटांचं काम.

सिलिंडरच्या लांबीबद्दल मात्र जरा थांबतो, कारण इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. सिलिंडरची लांबी मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्हीकडे वेगवेगळी मोजतात. आमच्याकडे दाराची अर्धी जाडी १९ आणि हँडलची पट्टी ९, झाले २८. म्हणून ३०-३० चं घेतलं, दोन्हीकडे २ मिमी बाहेर. त्याहून जास्त बाहेर डोकावत असेल तर चोराला पकडीत धरून ते मध्येच मोडायला सोपं जातं, कारण सिलिंडर मधल्या स्क्रूच्या भोकापाशी सगळ्यात कमजोर असतं. बसवताना किल्ली आत घालून जराशी फिरवून ठेवावी लागते म्हणजे मधली फिरती जीभ सिलिंडरच्या अंगात लपते, नाहीतर ते आत सरकतच नाही. मला हे माहीत नव्हतं आणि मी ते ठोकायच्या बेतात होतो.

आणि यावरून मावशीचं आणि माझं थोडं वाजलं. तिला आतून बाहेरून दोन्हीकडे किल्ली हवी होती, मला आतल्या बाजूला फिरवायची मूठ हवी होती. तिचं म्हणणं, "मूठ असली की कुणीही आतून उघडेल." माझं म्हणणं, "मावशी, आग लागली, धूर झाला, तर तू किल्ली शोधत बसणार का?" "मी किल्ली दारालाच लावून ठेवते रात्री." बरं, पण साध्या दुहेरी सिलिंडरमध्ये आत किल्ली लावलेली राहिली की बाहेरून दुसरी किल्ली बऱ्याचदा चालतच नाही, म्हणजे तिला रात्री काही झालं आणि आम्ही किल्ली घेऊन धावत आलो तरी आम्ही बाहेरच. हे ऐकल्यावर ती गप्प झाली. दाराला किंवा शेजारी काच असती तर तिचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, काच फोडून हात घालून मूठ फिरवता येते. इथे काच नव्हती. मुठीचंच बसवलं.

या सिलिंडरच्या आत छोट्या खिट्ट्या असतात, किल्लीच्या दातांनी त्या नेमक्या उंचीवर आल्या की गाभा फिरतो. लायनस येल ज्युनिअर या अमेरिकन माणसाची यावरची पेटंटं १८६१ आणि १८६५ ची आहेत आणि मूळ कल्पना तर प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांत होती. मावशीला मी हे कौतुकाने सांगितलं, ती म्हणाली "मग परत किल्ली हरवली तर?" तर फक्त सिलिंडर बदलायचं, एक स्क्रू काढून. पेटी तशीच राहते. लिव्हरच्या कुलपाला ही सोय नाही आणि माझ्या मते जुन्या दाराला एकदाचं कोरून हे कुलूप बसवायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, पुन्हा कधी दाराला पटाशी लावावी लागत नाही.

आता चौकट. दार बंद करून, बोल्टच्या टोकाला लिपस्टिक फासली आणि मुठीने बोल्ट बाहेर ढकलला, चौकटीवर लाल ठसा उमटला, तिथे खाच कोरली. लॅचसाठी तसंच. जुन्या कुलपाचं भोक जरा खाली होतं, त्याची वरची कोर नव्या भोकात मिसळत होती, ते लाकडाचा तुकडा घालून बुजवलं. कोरताना आत कधीकाळचा एक खिळा होता तो पटाशीला लागला आणि धारेचा तुकडा उडाला. संध्याकाळ झाली होती, स्ट्राइक प्लेट, म्हणजे चौकटीतल्या भोकावरची लोखंडी पट्टी, स्क्रूने बसवली, दार लावलं, किल्ली फिरवली. अर्धी फिरली आणि थांबली. ना पुढे ना मागे, आणि किल्ली बाहेर पण येईना.

किल्ली का येईना ते लवकर कळलं. बोल्ट पूर्ण बाहेर गेला तरच सिलिंडरचा फेरा पूर्ण होतो आणि फेरा पूर्ण झाला तरच किल्ली सुटते. बोल्ट २० मिमी बाहेर येतो, माझं भोक जेमतेम १६ खोल, तळाशी भुसा आणि त्या खिळ्याचं मोडकं टोक. ते साफ करून २५ पर्यंत नेलं. आता किल्ली पूर्ण फिरली. पण केव्हा? डाव्या हाताने हँडल वर उचलून, गुडघ्याने ढकललं तेव्हा.

मी आणि मावशी एकमेकांकडे बघत राहिलो. कुलूप नवीन, पेटी नवीन, चौकटीतलं भोक नवीन, आणि दार तरी उचलावंच लागतंय. लिपस्टिकचा ठसा घेताना मी स्वतःच दार उचलून धरलं होतं का काय, मला अजूनही नक्की आठवत नाही, हाताची सवय, विचारतोय कोण. पण तेव्हा मी पहिल्यांदा दाराकडे दार म्हणून बघितलं. बंद करून सगळ्या बाजूंची फट बघितली. वरची फट बिजागरीच्या बाजूला बारीक आणि कुलपाच्या बाजूला बोटभर. कुलपाच्या बाजूला वरचा कोपरा चौकटीला घासून तिथला रंग गेलेला. खाली उंबऱ्यावर अर्धगोल ओरखडा, तो तर आम्ही वर्षानुवर्षं पाहत होतो. दार उघडून कुलपाच्या बाजूने वर उचललं तर वरची बिजागरी चौकटीपासून सुटून हलली, डोळ्यांना दिसेल एवढी. चार स्क्रूंपैकी दोन नुसते भोकात उभे होते, बोटांनी निघाले. लांबी २५ मिमी, आणि त्यांच्या पिळात लाकडाचं पीठ.

म्हणजे सगळी गोष्ट ही होती. वरची बिजागरी सैल, दार आपल्याच वजनाने कुलपाच्या बाजूला खाली झुकलेलं, बोल्ट भोकाच्या खालच्या कडेवर टेकलेला. दार उचललं की बोल्ट वर येतो आणि वाट मोकळी.

दुरुस्ती साधी आहे, सांगायलाच लाज वाटते. दाराखाली पातळ पाचर सरकवून दार मूळ जागी उचलून धरलं, वरच्या बिजागरीचे स्क्रू काढले, फुटलेली भोकं ८ मिमीच्या पात्याने साफ केली, कडक लाकडाच्या गोल खुंट्या गोंद लावून ठोकल्या, वाळल्यावर चौकटीला सपाट कापल्या आणि नव्याने बारीक भोक पाडून ५० मिमीचे स्क्रू लावले. काडेपेटीच्या काड्या आणि गोंद भरतात काही जण, हलक्या दाराला चालतं, या वजनाला मी ते केलं नसतं. आणि बारीक भोक आधी पाडल्याशिवाय स्क्रू लावू नका, जुनं सुकलेलं लाकूड उभं फुटतं. मधली बिजागरी पण घट्ट केली. पाचर काढली. दार कुलपाच्या बाजूला ४ मिमी वर आलेलं होतं आणि तिथेच राहिलं.

आणि अर्थातच कालच कोरलेलं माझं नवंकोरं भोक आता किंचित खाली होतं, ठसा घेताना दार उचललं गेलं असेलही, पण पूर्ण चार मिमी नाही.

ते परत बुजवून परत कोरावं लागलं. भोक थोडं वर वाढवून मोकळं सोडता आलं असतं, बरेच जण तेच करतात, पण मग स्ट्राइक प्लेटचा वरचा स्क्रू नेमका पोकळीत येत होता, आणि बाहेरून दारावर जो धक्का बसतो तो शेवटी त्या प्लेटच्या स्क्रूंवरच येतो. कुलूप कितीही दणकट घ्या, प्लेट अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर लटकत असेल तर चौकट फुटते, कुलूप जसंच्या तसं राहतं. म्हणून ठिगळ लावलं, पूर्ण वाळू दिलं, नवीन ठसा घेतला, या वेळी दाराला हात न लावता, नुसतं लोटून. आणि प्लेटला चौकटीत खोलवर जाणारे लांब स्क्रू दिले. भोकाच्या आत आणि दाराच्या खाचेत जे कच्चं लाकूड उघडं पडलं होतं त्याला दोन हात वार्निश मारलं. हे कुणाला दिसत नाही म्हणून सगळे टाळतात. लाकूड दमट हवेत आडव्या अंगाने फुगतं, उभ्या अंगाने जवळजवळ नाहीच, म्हणजे दार रुंद होतं, उंच होत नाही, आणि रुंद झालं की कुलपाच्या बाजूची फट बंद होते. कच्चं लाकूड ओल लवकर ओढतं. फट मी ३ मिमी ठेवली होती.

सहा महिने झाले आता, मध्ये दमट दिवस येऊन गेले. दार थोडं फुगलं, लॅच लागायला जरा जोर लावावा लागला, बोल्ट मात्र एकदाही अडला नाही. मधल्या बिजागरीचा एक स्क्रू परत पाव फेरा घट्ट करावा लागला. सिलिंडरमध्ये तेल घालू नका म्हणून मी मावशीला बजावलंय, तेलावर धूळ चिकटते आणि आत चिखल होतो, ग्रेफाइटची पूड फुंकायची. ती अजूनही बाहेरून आली की हँडल वर उचलून गुडघा लावते, कुलूप त्याआधीच उघडलेलं असतं आणि ती दारासकट आत जाते.

एक गोष्ट राहिलीय. जुन्या किल्लीच्या भोकावर एक गोल पितळी झाकणी होती, तिच्याखालचा रंग वेगळाच, जुना, गडद. हँडलची नवीन पट्टी त्या गोलाला पूर्ण झाकत नाही, एका बाजूने चंद्रकोरीसारखा साधारण सेंटीमीटरभर तुकडा बाहेर दिसतो. रंग लावून बघितला, जुळला नाही, उलट जास्त उठून दिसायला लागला. पुढच्या वेळी पूर्ण दार रंगवताना जाईल.